ट्यूब फुटली, आणि मी कुणालाच सांगितलं नाही

पत्र (नाव-गाव काढून, थोडं आटोपशीर करून)

ताई, मी पुण्यात एका संशोधन प्रयोगशाळेत टीबीच्या विभागात टेक्निशियन आहे. वय २७. काँट्रॅक्टवर आहे, दर अकरा महिन्यांनी नवी ऑर्डर निघते. एकोणीस दिवसांपूर्वी दुपारी सेंट्रिफ्यूज (ट्यूबा जोरात फिरवणारं यंत्र) थांबल्यावर झाकण उघडलं तर आत ओल दिसली. कल्चरची, म्हणजे वाढवलेल्या जंतूंची, एक ट्यूब तडकली होती. ट्यूबा ज्यात ठेवून फिरवतात त्या बकेटची झाकणं घाईत लावायची राहिली होती, म्हणजे चूक माझीच. मी स्पिरिट आणि कापसाने दहा मिनिटांत सगळं पुसून काढलं, ट्यूब ऑटोक्लेव्हच्या (वाफेने निर्जंतुक करण्याच्या) पिशवीत टाकली आणि रजिस्टरमध्ये त्या नमुन्यापुढे 'कंटॅमिनेशन, टाकून दिला' असं लिहिलं. माझ्या तोंडावर एन-९५ होता, पण तो नाकाशी जरा सैल बसतो. आमची जेआरएफ (कनिष्ठ संशोधक) मुलगी तेव्हा कॅबिनेटवर (हवा आत ओढून गाळणाऱ्या कामाच्या कपाटावर) काम करत होती, तिला काही कळलं नाही. हाताला काही लागलं नाही. पण त्या रात्रीपासून मी हॉलमध्ये झोपतो. बायकोला पाचवा महिना आहे. तिला सांगितलंय की घोरण्यामुळे तुझी झोप मोडते. माझं ताट-वाटी मी वेगळं घासतो. थोडा खोकला आला तरी पोटात गोळा येतो. सरांना सांगितलं तर पुढची ऑर्डर निघणार नाही असं वाटतं. गावाकडे हप्ते चालू आहेत. मी काय करू?

उत्तर

तुला अरेतुरेच करते. माझा धाकटा तुझ्याहून पाच वर्षांनी मोठा आहे आणि चौतीस वर्षं मी तेच काम केलंय जे तू करतोयस, म्हणून तेवढा हक्क घेते.

आधी तुझ्या झोपेचं बोलू, कारण तिथलं ओझं आजच उतरवता येईल. आज रात्री आत झोप. टीबी ताटातून, वाटीतून, चादरीतून, कपड्यांतून लागत नाही. तो लागतो फुप्फुसाचा टीबी झालेल्या माणसाच्या खोकल्यातून, त्याच्या श्वासाबरोबर हवेत सुटणाऱ्या बारीक थेंबांतून. त्या दुपारी समजा चार जंतू तुझ्या छातीत गेले असतील, तरी ते आत आहेत म्हणून तू कुणाला टीबी देऊ शकत नाहीस. त्यासाठी आधी तुला आजार व्हावा लागतो, आणि तो असा रातोरात होत नाही. त्याला बहुधा महिने लागतात, कधी वर्षं. संसर्ग झालेल्या शंभरातल्या साधारण पाच ते दहा जणांनाच आयुष्यात कधीतरी टीबीचा आजार होतो, बाकीच्यांच्या अंगात जंतू निपचित पडून राहतो. तेव्हा तुझ्या बायकोला आणि पोटातल्या बाळाला त्या ट्यूबपासून आज धोका नाही. हे मी तुला बरं वाटावं म्हणून सांगत नाही. तू टीबीच्या लॅबमध्ये काम करतोस, तुलाही हे माहीत आहे. पण भीती घरात शिरली की शिकलेलं सगळं ती दाराबाहेर काढून ठेवते, हे मी स्वतः अनुभवलंय.

आता दुसरं. तुझ्या पत्रात एक वाक्य आहे, ते तू अगदी जाता जाता लिहिलंयस. जेआरएफ मुलगी कॅबिनेटवर काम करत होती, तिला काही कळलं नाही.

मी तुझं पत्र तीन वेळा वाचलं आणि तिन्ही वेळा तिथेच थांबले. तुझ्या एकोणीस रात्री कशा गेल्या ते तू मला लिहिलंस. बायकोचं लिहिलंस, हप्त्यांचं लिहिलंस. त्या मुलीच्या एकोणीस रात्री मजेत गेल्या असतील, कारण तिला माहीतच नाही. तिच्या अंगावर तेव्हा काय होतं? कॅबिनेटसमोर बसली होती म्हणजे तिच्या हातातलं काम कॅबिनेट आत ओढून घेत होतं, पण पाठीमागच्या सेंट्रिफ्यूजमधून खोलीत जे सुटलं त्याचं काय? तिला मधुमेह आहे का, ती कसली औषधं घेते, तिच्या घरी म्हातारं माणूस आहे का, लहान मूल आहे का? तुला माहीत नाही, मलाही नाही. ज्यांची प्रतिकारशक्ती कमी असते त्यांच्या छातीत तो जंतू निपचित पडून राहण्याची शक्यता कमी असते. पुढे कधी तिला खोकला लागला तर ती कफ सिरप घेईल, धुळीमुळे झालं म्हणेल, थिसिसचं काम संपेपर्यंत अंगावर काढेल. कारण तिला काय शोधायचं ते ठाऊक असलेला माणूस एकच आहे, आणि तो गप्प आहे.

हे लिहिताना मला बरं वाटत नाहीये. पण हे तुला कुणीतरी सांगायला हवं आणि मला ते सांगण्याचा अधिकार आहे, कारण मी हेच केलंय.

१९८७ ची गोष्ट. एका रुग्णालयाला जोडलेल्या प्रयोगशाळेत मी रक्तजल तपासायचं काम करत होते. तेव्हा आम्ही पिपेट (द्रव मोजून उचलायची नळी) तोंडाने ओढायचो, हे आजच्या मुलांना सांगितलं तर खरं वाटत नाही. वापरलेल्या सुईवर टोपण परत बसवायची सवय सगळ्यांनाच होती. एकदा ते बसवताना सुई अंगठ्यात गेली. नमुना कावीळ झालेल्या पेशंटचा होता. मी नळाखाली हात धरला, रक्त धुतलं, पट्टी लावली आणि वरून हातमोजा चढवला. नोकरी पक्की व्हायला चार महिने होते. मॅडम कडक होत्या. कुणाला काही बोलले नाही.

अडीच महिन्यांनी माझे डोळे पिवळे झाले. हिपॅटायटिस बी. डॉक्टरांनी विचारलं, तेव्हा मी म्हटलं बाहेरचं खाल्लं असेल. रक्ताचा रिपोर्ट समोर होता, तरी मी तेच म्हणत राहिले. सव्वा महिना पडून होते. बहुतेक मोठ्या माणसांसारखी मीही त्यातून पूर्ण बरी झाले, तो विषाणू शरीराने काढून टाकला. पण मी घरी पडलेली असताना माझ्या जागी एक नवी मुलगी बसवली होती. तिला कुणी सांगितलं नाही की सुईवर टोपण बसवू नकोस. सांगणार कोण? त्या टेबलावर काही घडलंय हे फक्त मला माहीत होतं. तिलाही सुई लागली. तिला पुढे काही झालं नाही, हे तिचं नशीब आणि माझंही. पण ती सहा महिने दर थोड्या दिवसांनी रक्त तपासून घेत होती आणि दर वेळी रिपोर्ट आणायला जाताना तिचा चेहरा कसा व्हायचा ते मी शेजारच्या टेबलावरून बघत होते. ती सुई मला टाळता आली असती. एका वाक्यात टाळता आली असती.

म्हणून तुझी चूक कुठली ते मला नीट मांडू दे, कारण तू चुकीच्या गोष्टीसाठी स्वतःला खातोयस. बकेटचं झाकण राहिलं ही चूक आहे, पण ती रोज जगातल्या कुठल्या ना कुठल्या लॅबमध्ये होते. ट्यूब तर झाकण लावूनही तडकते. झाकण असतं तर ती बकेट तशीच बंद उचलून कॅबिनेटमध्ये उघडता आली असती, एवढाच फरक. नसलं तर सेंट्रिफ्यूज पुन्हा बंद करायचं, दोघांनी खोलीबाहेर यायचं, दारावर पाटी लावायची, निदान अर्धा तास आत कुणी जायचं नाही, म्हणजे हवेत सुटलेलं सगळं, खोलीतली हवा बाहेर ओढणाऱ्या निगेटिव्ह प्रेशरने खेचून हेपा फिल्टरमध्ये (बारीक कण अडवणाऱ्या गाळणीत) जातं. मग ताजा गाऊन, दुहेरी हातमोजे, नीट बसणारा मास्क घालून फिनॉल किंवा तुमच्याकडे जे ठरलं असेल त्याने सगळं भिजवून ठेवायचं. स्पिरिट चटकन उडून जातं, जंतू मरायला जेवढा वेळ ओलं राहायला हवं तेवढं ते राहत नाही. हे सगळं तुला शिकवलेलं असणार. तू ते केलं नाहीस, कारण पाटी लावली असती तर विचारायला लोक आले असते. म्हणजे तुझ्या हातांना ज्ञान होतं आणि भीतीने ते अडवलं. पुसण्याच्या त्या दहा मिनिटांत तू त्या खोलीतली सगळ्यात धोक्याची हवा सगळ्यात जवळून घेतलीस, तीही लपवण्यासाठी. मला याचं फार वाईट वाटलं.

आपल्या मुंबईतल्या हाफकिन संस्थेच्या इतिहासात एक प्रसंग आहे. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला, वाल्देमार हाफकिन यांनी ग्रँट मेडिकल कॉलेजमध्ये लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती आधी स्वतःला टोचून घेतली. हे बहुतेकांना माहीत असतं. पुढचं कमी लोक सांगतात. ऑक्टोबर १९०२ मध्ये पंजाबातल्या मलकोवाल गावात ही लस शंभराहून अधिक लोकांना दिली आणि त्यांतले १९ जण धनुर्वाताने गेले. एकोणीसही जणांना एकाच बाटलीतली लस मिळाली होती. खापर हाफकिन यांच्या परळच्या प्रयोगशाळेवर फुटलं, हाफकिन यांचं पद गेलं, त्यांच्या नावाला काळिमा लागला. ते निर्दोष ठरायला १९०७ उजाडलं. चौकशीत पुढे आलेली गोष्ट अशी होती की गावात बाटली उघडताना मदतनिसाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला होता आणि तो नीट निर्जंतुक न करता वापरला गेला. चिमटा कुणाच्याही हातून पडतो. त्या क्षणी कुणी म्हणालं असतं की थांबा, ही बाटली बाजूला ठेवा, तर एक बाटली वाया गेली असती. मी तरुणपणी हा प्रसंग वाचला तेव्हा मला हाफकिन यांची दया आली होती. आता मला त्या मदतनिसाचा हात दिसतो. लस टोचून घ्यायला समोर माणसांची रांग उभी आहे, वरचे साहेब बघतायत, आणि चिमटा पडलाय. त्या हाताला काय वाटलं असेल, ते मला आणि तुला दोघांना माहीत आहे.

आपण आज कॅबिनेटमध्ये काम करतो, पिपेटला रबरी फुगा किंवा मशीन लावतो, सुईवर टोपण बसवत नाही. हे नियम कुणाला बसल्या जागी सुचलेले नाहीत. अमेरिकेतल्या पाइक नावाच्या संशोधकाने वर्षानुवर्षं प्रयोगशाळांना विचारून, छापील वृत्तांत गोळा करून १९७६ मध्ये एक आकडा मांडला: प्रयोगशाळेत काम करताना आजारी पडलेल्यांच्या ३९२१ नोंदी. ब्रुसेला, क्यू फीवर, टायफॉइड, हिपॅटायटिस, आणि अर्थात टीबी. त्यांतल्या पाचांपैकी जेमतेम एकालाच धड सांगता येत होतं की अमुक दिवशी सुई लागली किंवा ट्यूब फुटली. उरलेल्यांचं कारण बहुतेक हवेत सुटलेला, डोळ्यांना न दिसणारा फवारा असावा, असा त्यातून निष्कर्ष निघाला आणि कॅबिनेटचं महत्त्व जगाला पटलं. आपल्या पुण्यातही हे घडलंय. १९५७ मध्ये शिमोग्याच्या क्यासनूर जंगलात माकडं मरायला लागली, ज्याला आज सिंधुदुर्गात माकडताप म्हणतात तो विषाणू पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्रातल्या लोकांनी शोधला, आणि त्या विषाणूवर काम करताना केंद्रातल्या लोकांनाही तो आजार झाला. त्यांनी ते सांगितलं, लिहून ठेवलं, म्हणून हा विषाणू हाताळताना काय काळजी घ्यायची ते पुढच्यांना कळलं. आजारी पडलेल्या एकेका माणसाने 'मला झालं' असं म्हटलं, तेव्हा आपल्या अंगावर गाऊन आला.

याच १९७६ सालची आणखी एक हकीकत मी नव्या मुलांना नेहमी सांगायची. इंग्लंडमध्ये पोर्टन डाऊन इथे एका तंत्रज्ञाच्या अंगठ्याला सुई लागली, आणि सुईवर इबोला होता. तेव्हा त्या विषाणूला धड नावही मिळालं नव्हतं. त्याने हातमोजा काढला, अंगठा जंतुनाशकात बुडवला आणि लगेच सांगितलं. सहा दिवसांनी ताप आला. पण तोवर सगळे सावध होते, त्याला ताबडतोब वेगळं ठेवलं, जे उपचार हाताशी होते ते दिले. तो जगला आणि त्याच्यामुळे दुसऱ्या कुणालाही लागण झाली नाही. विचार कर, तो गप्प बसला असता तर.

तुझ्या ट्यूबमध्ये टीबीचा जंतू होता, इबोला नाही, म्हणून एकोणीस दिवसांनंतरही हातात वेळ आहे. पण थोडाच. संसर्ग झाला का ते सांगणारी तपासणी, इग्रा (रक्ताची) किंवा त्वचेवरची, संसर्गानंतर साधारण दोन ते आठ-दहा आठवड्यांत पॉझिटिव्ह होते. म्हणून घटना घडल्याबरोबर एकदा तपासायचं आणि आठ ते दहा आठवड्यांनी परत. पहिली निगेटिव्ह आणि दुसरी पॉझिटिव्ह आली तर कळतं की हे त्या दुपारचं आहे. आपल्या देशात कितीतरी लोकांच्या अंगात जुना, निपचित संसर्ग असतोच. पहिली तपासणी उशिरा झाली आणि ती पॉझिटिव्ह आली, तर हे जुनं की त्या दुपारचं ते ठरवणं कठीण होतं. तुम्हा दोघांचीही ती पहिली तपासणी रोज एकेका दिवसाने जुनी होतेय. सोबत छातीचा एक्स-रे.

संसर्ग निघालाच, तर आजार होऊ नये म्हणून औषध आहे. आठवड्यातून एकदा अशी बारा आठवडे घ्यायची, किंवा रोजची सहा महिन्यांची. कुठली ते डॉक्टर ठरवतील, आणि इथेच एक गोष्ट अशी आहे जी तुझ्याशिवाय त्यांना कुणीच सांगू शकत नाही. त्या ट्यूबमध्ये काय होतं? लॅबचा नेहमीचा एच ३७ आरव्ही (प्रयोगांसाठी सांभाळलेला टीबीच्या जंतूचा वाण) होता, की पेशंटच्या थुंकीतून वाढवलेला नमुना? तो कुठल्या औषधांना दाद देत नव्हता? जंतू आयसोनियाझिड या टीबीच्या औषधाला दाद देत नसेल आणि डॉक्टरांनी तेच दिलं, तर सहा महिने गोळ्या घेऊन उपयोग शून्य. नमुन्याचा नंबर, त्याचा रिपोर्ट तुझ्या विभागात आहे. बाहेरच्या डॉक्टरकडे गुपचूप जाऊन 'मला भीती वाटते' एवढंच सांगशील तर त्याला यातलं काही मिळणार नाही. म्हणून गुपचूप तपासणी करून मोकळं होण्याचा विचार मनात असेल तर तो काढून टाक.

रजिस्टरचंही बोलायला हवं. 'कंटॅमिनेशन' असं तू लिहिलंस, ते खोटं आहे. तो नमुना पेशंटचा असेल, तर तो कुणाच्यातरी छातीतून आलेला आहे. पहाटे उठून, खोकून, डबीत देऊन त्या माणसाने तो तुमच्यावर सोपवला. त्याच्यावरून कुणी काही मोजत असेल तर तुझा एक शब्द ते मोजमाप चुकवतो. सरांना सांगितल्यावर त्यांच्यासमोर ती नोंद दुरुस्त कर. आधीचं वाचता येईल अशी एक आडवी रेघ, बाजूला खरं काय झालं, आजची तारीख, सही. व्हाइटनर नको, पान बदलणं तर नकोच.

आता नोकरी. पुढची ऑर्डर निघेलच, अशी हमी मी तुला देऊ शकत नाही. काही ठिकाणी काँट्रॅक्टवरच्या माणसाला आधी काढतात आणि नंतर विचारतात, हे मी पाहिलंय आणि त्याची मला अजून चीड आहे. पण दोन्ही बाजू तोलून बघ. आज सांगितलंस तर उशीर झाला म्हणून बोलणी बसतील, कदाचित लेखी समज मिळेल. आणि दीड वर्षाने तुला किंवा त्या मुलीला आजार झाला आणि तेव्हा हे बाहेर आलं, तर? किंवा बाहेर आलंच नाही, तर तुझ्या हातात काय राहील? प्रयोगशाळेच्या कामातून होणारे संसर्गजन्य आजार १९२३ च्या कर्मचारी नुकसानभरपाई कायद्याच्या तिसऱ्या परिशिष्टात कामामुळे होणारे आजार म्हणून नोंदलेले होते, आणि २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेतही ही यादी आली आहे. म्हणजे काम करताना आजार झाला तर भरपाई मागायचा तुला हक्क आहे, काँट्रॅक्टवर असलास तरी. पण त्या दुपारी काही घडलं होतं याचा कागदच नसेल, तर तू काय दाखवणार? तुला वाटतंय की गप्प राहून तू घर सांभाळतोयस. मला उलटं दिसतंय. तुझ्या घराला आधार देईल असा एकच कागद आहे आणि तो तू लिहिलेला नाहीस.

कुणाकडे जायचं? काँट्रॅक्टरच्या सुपरवायझरकडे नको, त्याला बायोसेफ्टीतलं कळत नाही आणि तो आधी स्वतःची बाजू सांभाळेल. सरळ विभागप्रमुखांकडे जा. त्यांच्यासमोर तोंड उघडणार नाही असं वाटलं तर तुमच्या जैवसुरक्षा अधिकाऱ्याकडे जा, असं कुणीतरी नेमलेलं असतंच. तोंडी सांग आणि सोबत लेखी दे. अर्ज कसा लिहू म्हणून अडू नकोस, हे असंच उतरवून घे:

"अमुक तारखेला दुपारी साधारण साडेतीन वाजता कल्चरच्या खोलीत सेंट्रिफ्यूजमध्ये एक ट्यूब तडकली. बकेटचं झाकण लावलेलं नव्हतं. नमुना क्रमांक अमुक. खोलीत मी आणि अमुक होतो. मी एन-९५, गाऊन आणि हातमोजे घातले होते, मास्क नाकाशी सैल होता. मी स्पिरिटने पुसलं, ट्यूब ऑटोक्लेव्हच्या पिशवीत टाकली. खोली रिकामी केली नाही. रजिस्टरमध्ये कंटॅमिनेशन असं चुकीचं लिहिलं. भीतीमुळे त्या दिवशी कळवलं नाही. आम्हा दोघांची तपासणी व्हावी आणि मला मास्कची फिट टेस्ट करून मिळावी, ही विनंती."

दोन प्रती काढ. एकीवर पोच घे आणि ती घरी नेऊन ठेव. माफीची दोन पानं लिहू नकोस. एकच वाक्य पुरे, ते वर आहे. आणि मास्कचं मुद्दाम लिहायला सांगितलंय. नाकाशी सैल बसणारा एन-९५ तू रोज घालून आत जातोस, म्हणजे हा प्रश्न एकोणीस दिवसांपुरता नाही. वेगळ्या मापाचा, वेगळ्या कंपनीचा मास्क बसतो, दाढी असेल तर ती काढावी लागते.

हे सदर प्रयोगशाळांचे प्रमुखही वाचतात, मला त्यांचे फोन येतात. त्यांच्याशी दोन शब्द बोलते. सर, मॅडम, हा मुलगा कुठल्या संस्थेतला आहे ते मी सांगणार नाही, तेव्हा तो तुमच्याकडचाच आहे असं समजा. तुमच्या भिंतीवर स्पिलची, म्हणजे काही सांडलं-फुटलं तर काय करायचं याची, पद्धत लॅमिनेट करून लावलेली आहे, किट कपाटात आहे, ट्रेनिंगच्या सह्या फाइलमध्ये आहेत. तरीही त्याने कापूस घेतला आणि एकट्याने पुसलं. कारण त्याने कधीतरी पाहिलंय, की अमक्याने बीकर फोडल्याचं सांगितलं तेव्हा तुम्ही सगळ्यांसमोर काय म्हणालात. तो दाराशी उभा राहून 'सर, एक सांगायचंय' म्हणेल तेव्हा तुमचा पहिला प्रश्न 'तू बरा आहेस ना?' असा असू द्या. झाकण का लावलं नाहीस, हे दहा मिनिटांनी विचारा, विचारायलाच हवं. आणि ज्यांची ऑर्डर अकरा महिन्यांची आहे त्यांचे एक्स-रे, त्यांच्या लशी, त्यांचं रुजू होतानाचं रक्त तुमच्या पक्क्या लोकांसारखंच होतं का, ते एकदा बघा. ऑटोक्लेव्ह लावणारा, काचसामान धुणारी, प्राण्यांचे पिंजरे साफ करणारा, पिवळ्या पिशव्या खाली नेणारी बाई, यांच्या श्वासात जाणारी हवा तीच असते.

परत तुझ्याकडे येते. बायकोला सांग. सरांना सांगायच्या आधी की नंतर, ते तू ठरव, पण त्याच दिवशी सांग. पाचव्या महिन्यातल्या बाईला त्रास होईल म्हणून लपवलं असं तू म्हणशील. नवरा अचानक हॉलमध्ये झोपायला लागला, ताट वेगळं घासतो, कारण घोरणं सांगतो, तिच्या मनात काय काय येत असेल? तिला याहून वाईट काहीतरी वाटत असणार. तिला सांग की काय झालं, तिला आणि बाळाला धोका का नाही, आणि तपासण्या कधी आहेत. तिच्या डॉक्टरांना भेटशील तेव्हा त्यांच्या कानावरही घाल. तुला दोन आठवड्यांहून जास्त खोकला, संध्याकाळचा बारीक ताप, रात्री घाम, वजन उतरणं यांतलं काही झालं, तर पुढच्या तपासणीच्या तारखेची वाट बघायची नाही, हे तिलाही माहीत असू दे. निदान पुढची दोन वर्षं यावर लक्ष ठेवायचं, कारण आजार होणारच असेल तर तो बहुतेक वेळा याच काळात होतो. घरातलं दुसरं माणूस लक्ष ठेवायला असलं की आपण दर खोकल्याला दचकत नाही.

आणि ती जेआरएफ. अर्जात तिचं नाव जाणारच आहे, तिला ऑफिसातून फोन जाईल. त्याआधी तू सांग. कँटीनमध्ये नको, चार लोकांत नको. तिला बाजूला बोलव आणि ट्यूब फुटली इथपासून सुरू कर, 'मला माफ कर' इथपासून नको, नाहीतर ती तुलाच धीर देत बसेल आणि स्वतःचं विचारायचं विसरेल. ती चिडेल. चिडू दे, तिचा तो हक्क आहे. ती काही औषधं घेत असेल, तिला काही आजार असेल तर तो तुला सांगायला लावू नकोस, ते डॉक्टरांशी बोलायला सांग. तपासणीला दोघं एकदम जा.

मी त्या नव्या मुलीला अकरा वर्षांनी सांगितलं. तोवर तिची बदली झाली होती, आम्ही एका लग्नात भेटलो. तिने माझा हात हातात घेतला आणि एवढंच विचारलं की तेव्हा का नाही सांगितलंत, मी त्या सहा महिन्यांत एकटी होते. माझ्याकडे उत्तर नव्हतं.

तुला अजून तीनच आठवडे होतायत. सोमवारी सर किती वाजता येतात ते तुला माहीत असेल. ती मुलगी त्याच्या अर्धा तास आधी येत असेल, तर तोच अर्धा तास घे. पहिला रिपोर्ट हातात आला की मला दोन ओळी लिही, तो काहीही असला तरी.